खुर्चीवाल्याच्या बायकोचे गुडघे

गुडघ्यांतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं हाडांच्या डॉक्टरलासुद्धा कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि हे मत तो कुणी न विचारताच सांगायचा. विमानतळावर चाकाची खुर्ची ढकलायचं काम. एकोणीस वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा माणसं, सुट्ट्यांच्या दिवसांत वीस. त्यातली खरी अधू किती, असं कुणी विचारलं की तो आधी हसायचा, मग एका हाताची पाच बोटं पुढे करायचा आणि त्यातलीही तीन मिटून घ्यायचा. बरोबरचे खुर्चीवाले त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे, पुढे तेच नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते भलतंच आवडायला लागलं.

त्याचं असं आहे, विमानाचं तिकीट काढताना एका चौकटीत नुसती खूण केली की खुर्ची मिळते. दाखला नको, तपासणी नको, कुणाला तोंड द्यायला नको. आणि एकदा का माणूस खुर्चीत बसला की त्याला रांग नाही. सामानाची नाही, तपासणीची नाही, आणि विमानात शिरायला पहिला मान त्याचा. मग काय विचारता! ही बातमी घरोघरी पोचली तसे लोकांचे गुडघे भराभर जायला लागले. सहकुटुंब जायला लागले. एकदा तर एकाच घरातले पाच जण पाच खुर्च्यांत ओळीने बसून आले. त्यातल्या आजोबांची खिडकीजवळची जागा दुसऱ्या कुणी बळकावली असं त्यांना लांबूनच दिसलं, तेव्हा त्यांनी जी धूम ठोकली ती डॉक्टर पुढे कित्येक वर्षं साभिनय करून दाखवायचा.

उतरतानाची मजा तर आणखीनच वेगळी. चढताना ज्यांच्याने उभं राहवत नव्हतं, ते विमानाची चाकं थांबायच्या आत डोक्यावरची बॅग काढून दाराशी हजर. खाली खुर्चीवाला त्यांच्या नावाचा कागद धरून ताटकळतो आणि हे तोवर टॅक्सीत बसून घरी निघालेले. इतक्या उंचावरची हवा सांध्यांना मानवत असावी बहुतेक.

आता रोज असली माणसं ढकलायची म्हटल्यावर खुर्चीवाल्यांनी आपली करमणूक शोधली नसती तरच नवल. समोरून दुसरा खुर्चीवाला येताना दिसला की एकमेकांना खूण करायची. बसलेला माणूस खरा असला तर मान किंचित झुकवायची. खोटा असला तर कान खाजवायचा. बसणाऱ्याला पत्ता नसायचा. दिवसभर त्या लांबलचक गुळगुळीत वाटांवरून सगळे आपले कान खाजवत चाललेले. एखादा डॉक्टरलाच विचारायचा, "काय डॉक्टर, मघाची बाई कशी वाटली?" मग डॉक्टर निकाल द्यायचा, आणि त्याच्या निकालावर अपील नसे.

घरी मात्र या विद्येचा जाच एका माणसाला व्हायचा. बायकोला.

ती एका शाळेत तीन मजल्यांचे जिने पुसायची. चोवीस वर्षं पुसले. बसून, सरकत, एकेक पायरी. पुढे काम सुटलं, पण गुडघ्यांनी जे धरलं ते धरलंच. पहिल्यांदा जेव्हा ती म्हणाली, "अहो, आज फार दुखतायत हो," तेव्हा हा जेवता जेवता म्हणाला, "का गं, विमान किती वाजताचं आहे तुझं?" ती हसली. विनोद चांगला होता, हसण्यासारखाच होता. दुसऱ्यांदाही हसली. विसाव्या वेळी ती म्हणायचीच थांबली. त्याला वाटलं, बघा, हसून दुखणं बरं केलं. पुढे तिने आपल्या आपण दुकानातून गुडघ्यांना बांधायचे पट्टे आणले, पोलादाच्या पट्ट्या शिवलेले, जाडजूड. कपड्याच्या आत बांधायची. हे त्याला ठाऊक होतं. त्यावरही त्याचा एक विनोद होता, पण तो इथे सांगण्यात काही अर्थ नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीचा फोन आला.

लेक समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात. पहिलं बाळंतपण. बाळ आडवं आलेलं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तारीख अलीकडे ओढली होती. शुक्रवारी सकाळी नऊला ऑपरेशन. जावई तसा भला माणूस, पण सुई पाहिली की तोच आधी आडवा व्हायचा, त्याचा काही उपयोग नव्हता. लेक फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, "आई, तू ये. तू समोर दिसलीस की मी हसत हसत आत जाईन. नाहीतर माझ्याच्याने नाही गं व्हायचं." तिकडे जाणारं विमान आठवड्यातून तीनदाच. गुरुवारी दुपारी एक चाळीसचं गाठलं तर ऑपरेशनच्या आधी पोचणार. पुढचं शनिवारी. शनिवारी जाऊन करायचं काय, बाळाची टोपडी मोजायची?

लेकीने तिकीट काढून पाठवलं. त्याने ते चष्मा लावून वाचलं, आणि शेवटच्या ओळीशी आला तसा त्याचा चेहरा कुणी थोबाडीत दिल्यासारखा झाला. लेकीने त्या चौकटीत खूण केली होती. चाकाची खुर्ची, एक.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"काय?"

"खुर्ची मागितलीय तुझ्यासाठी! अगं, डॉक्टरची बायको खुर्चीत? एकोणीस वर्षं मी ज्यांना हसलो, त्यांच्या ओळीत तू बसणार? उद्या तिथे तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"मी कुठे मागितली? पोरीने केलंय."

"पोरीने केलंय ते मी काढून टाकतो."

"टाका," बायको म्हणाली. ती बॅगेत शाल घालत होती. जरा वेळाने तिने विचारलं, "फार लांब असतं का हो चालायला?"

"वीस मिनिटं. रमतगमत."

आता ही वीस मिनिटं त्याने कुठून काढली? तर स्वतःच्या पायांवरून. शेवटच्या दरवाजाला, म्हणजे सदतीस नंबरला, तो खुर्ची ढकलत बारा मिनिटांत जायचा. त्यात आठ घातली बायकोची म्हणून, आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्याला वाटलं.

गुरुवारी त्याने सुट्टी मागितली. मुकादमाने दिली नाही. सुट्ट्यांचा हंगाम, खुर्च्या कमी, ढकलणारे त्याहून कमी. "बायकोला सोडायला तुला वेगळी सुट्टी कशाला हवी?" मुकादम म्हणाला, "तू इथेच तर असतोस." 

दोघं वेळेवर पोचली. तो गणवेशात, ती नव्या चपलांत. सामानाच्या रांगेत पाऊण तास गेला. काउंटरवरची मुलगी ओळखीची, ती हसली. "काका, काकूंच्या नावावर खुर्ची दिसतेय. बोलावू? की तुम्हीच नेताय?"

"नको नको. चूक झालीय ती. काढून टाक."

"काकू, नको ना नक्की?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा काउंटरमागच्या घड्याळाकडे पाहत होता.

"नको," ती म्हणाली.

"कुणी काढली ते लिहावं लागतं, काका. तुमचा नंबर टाकू?"

"टाक की. बिनधास्त टाक."

मुलीने टाकला. खुर्ची गेली. डॉक्टरला हायसं वाटलं. अब्रू वाचली! आणि ते हायसं वाटणं पुरतं पसरतंय न पसरतंय तोच शेजारच्या काउंटरवरून एक दणदणीत आवाज आला.

तिथे एक ठेकेदार उभा होता. रस्ते बांधायचा, आणि रस्त्यासारखाच रुंद. डॉक्टरचं नेहमीचं गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा तरी त्याचा गुडघा जायचा आणि विमान उतरलं की परत यायचा. आज तो चौकटीत खूण करायला विसरला होता, म्हणून तो टेबलावर हात आपटत होता. "खुर्ची नाही म्हणजे? माणूस मेल्यावर देणार का?" मुलगी घाबरून मुकादमाला शोधायला लागली. मुकादमाने संगणकात पाहिलं. "अरे, एक आत्ताच मोकळी झालीय. डॉक्टर, घे यांना. सदतीस नंबर."

बघा आता. बायकोची काढलेली खुर्ची, बायकोच्याच विमानाला जाणारा ठेकेदार, आणि ढकलायला खुद्द नवरा. डॉक्टरला क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण ठेकेदार तोवर धपकन बसलासुद्धा होता.

"तू ये मागून," तो बायकोला म्हणाला. "सरळ रस्ता आहे. बाण दिसतील, त्यांच्या मागे चालायचं. सदतीस. लक्षात राहील?"

"राहील."

"मी तिकडे असेनच."

तपासणीपाशी खुर्चीवाल्यांना वेगळी वाट. साध्या माणसांची रांग नागमोडी होऊन पार जिन्यापर्यंत गेलेली. तिच्या मधोमध बायको उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. डॉक्टर ठेकेदाराला घेऊन तिच्या शेजारून गेला. ठेकेदाराने त्या रांगेकडे बघून मान हलवली. "काय ही गर्दी! लोकांना घरी म्हणून बसवत नाही."

डॉक्टर खुर्ची ढकलत पुढे गेला. बोलायची पद्धत नव्हती.

पुढे ठेकेदाराने खुर्ची अत्तराच्या दुकानापाशी थांबवली. उठला, टुणटुणीतपणे आत गेला, सात बाटल्यांचे वास घेतले, एकही घेतली नाही. परत येऊन कण्हत बसला. मग त्याला कॉफी हवी झाली. मग फोन आला. "हो हो, परवा सकाळी सहाचं बॅडमिंटन पक्कं," तो फोनवर म्हणाला, "मागच्या वेळी तीनही गेम घेतले होते मी, विसरलास?" समोरून एक खुर्चीवाला येत होता. डॉक्टरने कान खाजवला. सवयीने हात आपसूकच गेला.

इकडे बायकोचं काय चाललं होतं, ते त्याला मागाहून कळलं. तपासणीच्या चौकटीतून ती गेली तशी चौकट ठणाणा ओरडली. पोलाद लागलं होतं. आतल्या बाईने तिला आडोशाला नेऊन दोन्ही पट्टे सोडायला लावले आणि ते यंत्रातून पाठवले. तपासून झाल्यावर पट्टे परत मिळाले, पण ते बांधायचे कुठे? बसायला बाक नाही, उभ्याने वाकवत नाही, मागची माणसं "चला, चला" करताहेत. शेवटी तिने पट्टे हातात घेतले आणि बाणांच्या मागे चालायला लागली. मध्ये सरकता पट्टा होता, माणसं त्याच्यावर नुसती उभी राहून पुढे जात होती. तीही जवळ गेली. पण त्यावर पाय टाकायचा म्हणजे एका गुडघ्यावर सगळा भार घेऊन झटकन दुसरा उचलायचा. तिने दोनदा प्रयत्न केला. मागच्याने उसासा सोडला. मग ती बाजूला झाली आणि सरकत्या पट्ट्याच्या कडेकडेने, कठडा धरून, आपली आपण निघाली.

सदतीस नंबरला डॉक्टरने ठेकेदाराला पहिल्या मानाने आत नेलं, जागेवर बसवलं, त्याची बॅग वर ठेवली. बाहेर येऊन पाहिलं. माणसांची रांग भराभर आत जात होती. त्यात बायको नव्हती. रांग संपली. तरी बायको नव्हती. दारावरच्या माणसाने यादी पाहिली. "एक बाई राहिल्यात."

"येतेय. माझी बायको आहे. पाचच मिनिटं."

"खुर्चीवर आहेत का?"

"का?"

"खुर्चीवरच्या माणसाला आणायची जबाबदारी आपली असते. त्यांना सोडून विमान जात नाही. पंधरा मिनिटंसुद्धा थांबवतो आम्ही. चालत येणाऱ्यांसाठी नाही थांबवता येत."

"खुर्चीवरच आहे!" डॉक्टर म्हणाला.

माणसाने संगणकात पाहिलं आणि मग डॉक्टरकडे पाहिलं. "इथे तर काढलेली दिसतेय. तुमच्याच नंबराने."

एकोणीस वर्षांत डॉक्टर कधी पळाला नव्हता. नियमच आहे, खुर्ची घेऊन पळायचं नाही. त्या दिवशी तो रिकामी खुर्ची घेऊन जिवाच्या आकांताने पळाला. पस्तीस, एकतीस, सव्वीस. एकवीस नंबरापाशी ती दिसली.

भिंतीला एक हात लावून ती येत होती. पाऊल टाकायच्या आधी जरा थांबायची. ओठ आवळायची. मग पाऊल टाकायची, ते पूर्ण टेकायच्या आत दुसरं पुढे घ्यायची, आणि मागून कुणी आलं की बाजूला होऊन त्याची माफी मागायची. दुसऱ्या हातात ते पट्टे. डॉक्टर वीस पावलांवर उभा राहून बघत होता. परक्या माणसाचं हे चालणं त्याने मान वर न करता ओळखलं असतं. पहिल्या पावलाला ओळखलं असतं, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मान झुकवून सांगितलं असतं, की बाबांनो, जरा सांभाळून, ही खरी आहे. हिच्यासारखी खरी एकोणीस वर्षांत पाच-सहाच भेटली होती. हे चालणं त्याच्या घरात स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून स्वयंपाकघरापर्यंत किती वर्षं चाललं होतं, देव जाणे. 

"अगं, बस," तो म्हणाला. "बस लवकर."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिलं. "तुमची माणसं बघतील हो. उगाच तुम्हाला बोलतील."

"बस म्हणतो ना!"

ती हळूहळू बसली. तो पळत सुटला. समोरून एक खुर्चीवाला येत होता, अगदी नवा नव्हे, चांगला मुरलेला. त्याने डॉक्टरला पाहिलं, खुर्चीत डॉक्टरची बायको पाहिली, आणि ओळखीचं हसून मजेत कान खाजवला. डॉक्टरने मान झुकवली. पण पळताना झुकवलेली मान दिसते कुणाला!

सदतीस नंबरचं दार लावलेलं होतं. दारावरचा माणूस कागद आवरत होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याने फोन करून पाहिला, कुणाशी तरी बोलला, मग मान हलवली. काचेपलीकडे विमान मागे सरकत होतं. पुढच्या खिडकीत ठेकेदार असणार, पाय लांब करून.

"बंद झालं का?" बायकोने विचारलं.

"झालं."

ती थोडा वेळ विमानाकडे बघत राहिली. तो तिच्या मागे दांडा धरून उभा होता. पुढे जाऊन तिच्यासमोर उभं राहायचा त्याला धीर होत नव्हता. ती ओरडली असती, रडली असती, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातले पट्टे मांडीवर घेतले, एक गुडघ्याला लावून पाहिला, हात पोचेना म्हणून परत ठेवून दिला. मग तो खाली बसला, फरशीवर, गणवेशासकट, आणि तिचे पट्टे बांधायला लागला. कुठली पट्टी वर आणि कुठली खाली हे त्याला कळेना. तिने बोटाने दाखवलं.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

त्याने फोन घेतला. लेकीचा आवाज हसरा होता. मागे कुणीतरी भांडी हलवत होतं.

"बाबा? आईला बसवलंत ना नीट?"

त्याने एका हाताने पट्ट्याचं टोक सरळ केलं.  शेवटी जे तोंडात आलं ते त्याने सांगितलं.

"तुझ्या आईचे गुडघे खरंच दुखतात गं," तो म्हणाला.



"ते मला माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली. "म्हणून तर खुर्ची सांगितली होती. आई विमानात आहे ना?"